दुखऱ्या पंखाची परी

आटपाट म्हणावं एवढं ते नगर मोठं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी पाचपंचवीस घरं, आणि घरांपेक्षा फुलंच जास्त. पिवळीधमक शेवंती, पांढरीशुभ्र शेवंती, केशरी झेंडू, जांभळी अस्टर. सकाळचं दव पडलं की सगळा मळा चमचम करायचा, पानापानावर इवले इवले मोती लटकायचे. बघणाऱ्याला वाटावं, इथली माणसं किती सुखी! पण फुलं बघणारा वेगळा आणि फुलं खुडणारा वेगळा.

मळ्याच्या कडेला पत्र्याच्या एका खोपटात हौसा राहायची. इवलीशी हौसा, तिचे इवलेसे हात, आणि त्या हातांना पुरून उरेल एवढं काम. तिची आई गोदाबाई शेवंतीच्या वेण्या करायची. तिच्या हातची वेणी बाजारात लांबून ओळखू यायची. पण मग गोदाबाईला सांधेदुखी जडली. चार दिवसांची नव्हे, मुक्कामाला आलेली. सकाळी बोटं सुजून ताठ झालेली असायची, साधा पेला धरता यायचा नाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि खरं तेच सांगितलं होतं, "हे दुखणं जाणारं नाही, सांभाळायचं आहे." गोळ्यांनी दुखणं जरा दमानं वागायचं, काळजी मात्र वागायची नाही. काळजीनं झोप उडायची, झोप उडाली की बोटं जास्त ठणकायची, बोटं ठणकली की काळजी वाढायची. असं ते चक्र चालू होतं.

म्हणून हौसाच सगळं करायची. चूल पेटवायची, पाणी भरायची, फुलं खुडायची, वेण्या गुंफायची, आईचे केस विंचरायची आणि जेवताना घास हातात धरून पेंगायची. हौसा इतकी दमलेली असायची की आपण दमलोय हेही तिला कळायचं नाही.

कळलं ते बाळकूमामाला. मामा एकदा सकाळी आला, तर भाची चुलीपाशी फुंकणी धरून बसल्या बसल्या झोपलेली. मामानं फुंकणी तिच्या हातातून हळूच सोडवली.

"गोदे, ह्या पोरीचं तोंड बघ की जरा," तो म्हणाला. "म्हातारी झालीया पार. मी न्हेतो हिला. माझ्याकडं राहील, शाळंत जाईल, दोन घास बसून खाईल."

"आन मी हितं एकटी काय करू, दादा?"

"मळेवाली बायजा येऊन बघंल तुझ्याकडं. मी तिच्याशी बोललोय."

हौसानं आईच्या लुगड्याचा काठ असा घट्ट धरला की सोडवता सोडवेना. मामाला ते बघवलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "शेवंतीचा बहर सरला की येतो. अशाच सकाळच्या पारी. त्या दिवशी चूल तुझ्या हातानं पेटलेली दिसली, तर पोरीला न्हेणार न्हाई. पण ही चिमणीच फुंकत बसलेली दिसली, तर माझ्या आडवं येऊ नगंस."

मामा दुष्ट नव्हता हो. चांगल्या माणसांचाच जास्त धाक वाटतो, कारण त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. घरात कुणी आजारी पडलं की दुसऱ्यानं त्याच्या नावानं उपास धरायचा, फेऱ्या घालायच्या, अनवाणी चालायचं. आणि त्याची वाच्यता करायची नाही, बोललं की फळ जातं. हौसानं आईच्या नावानं शनिवार धरले होते, पिंपळाला फेऱ्या घातल्या होत्या. आईची बोटं होती तशीच राहिली आणि हौसाच्या गालांचे खळगे मात्र वाढले.

एका सकाळी मळ्याच्या पार टोकाला, पांढऱ्या शेवंतीच्या वाफ्यात ती फुलं खुडत होती. धुकं विरळ होत होतं. तेवढ्यात कुठूनसा बारीक आवाज आला, "मंऽऽ... मंऽऽ..." भुंगा असेल म्हणून हौसानं पान बाजूला केलं, आणि बघते तो काय, परी!

आता परी म्हटली की तुम्ही लगेच सोन्याची छडी आणि हसरा चेहरा डोळ्यांपुढं आणाल. ही तशी नव्हती. चिमणीएवढी परी, पाकळ्यांचा फिकट पिवळा झगा, झग्याच्या काठाला दवाचे चमचमते मणी. एक पंख निळाजांभळा झळझळीत, आणि दुसरा मुडपलेला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती डोळे मिटून, देठाला पाठ टेकून गुणगुणत बसली होती.

हौसानं काही मागितलं का? छे! दमलेलं माणूस दमलेल्या माणसाला बरोबर ओळखतं. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, त्याची मऊ घडी केली आणि परीपुढं ठेवली.

"पंख दुखतोय व्हय गं?" ती हळूच म्हणाली. "हितं टेक. त्या देठाला काटं न्हाईत, पर टोचतंच की."

परीनं डोळे उघडले. "मी दिसले की लोक हात पसरतात," ती म्हणाली. "टेक म्हणणारी तूच पहिली भेटलीस."

"कवापास्नं दुखतोय?"

"एका वादळात पिरगळला, तेव्हापासून. थंडीत तर विचारू नकोस."

"मग बरा कर की! तू परी हायेस न्हवं?"

परी हसली. थकलेल्या माणसाचं हसू कसं असतं, अर्ध्यावरच राहतं, तसं तिचं राहिलं. "दुखणी पळवता आली असती, तर आधी माझंच नसतं का पळवलं, राणी?"

ते ऐकलं आणि हौसाचा बांध फुटला. आईची बोटं, उडालेली झोप, चूल, मामा, सगळं सगळं तिनं हुंदके देत सांगून टाकलं. परीनं मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही.

"पळवता येत नाही," शेवटी परी म्हणाली. "पण दुखण्याला घरभर पसरू द्यायचं, की एका कोपऱ्यात बसवायचं, तेवढं जमतं. मला ते करता करता आलं. तुला शिकवते. पाठ टेकून बस. एक हात पोटावर ठेव. नाकानं सावकाश श्वास घे, हात आपोआप वर येईल. सोडताना भुंग्यासारखं गुणगुण, म्हणजे श्वास सावकाश जातो आणि डोक्यातला कालवा कमी होतो. घेताना मूठ जमेल तेवढीच मिटायची, सोडताना कळीसारखी उघडायची. मग मनगटं, मग खांदे, तसंच, लोण्यातून बोट फिरवावं इतकं हलकं."

मग परीनं झग्यातून एक कळी काढली. पांढऱ्या शेवंतीची, टपोरी, घट्ट मिटलेली, आणि आतून मंद मंद उजळलेली.

"हे नीट झालं की हिची एक पाकळी उघडेल. पुरती उमलली की मी येईन आणि माझ्या हातातलं जे मागशील ते देईन. पण अटी आहेत हं. इच्छेला अट नसली की तिची हाव होते. दुखण्याचा उंबरा आला की अलीकडंच थांबायचं, तो ओलांडायचा नाही. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू ठेवायच्या. श्वास हा गोळीचा सोबती आहे, तिच्या जागेवर बसणारा नाही. आणि सगळं झालं की रिकाम्या हातांनी उताणं पडून राहायचं. काहीही न करता. हीच सगळ्यात अवघड."

एवढं सांगून परी धुक्यात मिसळून गेली. हे सगळं करायचं कुणी, ते मात्र तिनं सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं तिला वाटलं. ज्याचं दुखतं त्यानं! आपली माणसं बिचारीला कुठं ठाऊक होती?

हौसानं काय केलं असेल? बरोबर! दुसऱ्या दिवशी आईला गोळी दिली, मग खोपटाजवळच्या पिवळ्या शेवंतीच्या वाफ्यात जाऊन ओंजळीत पाणी घेतलं, "गोदाबाईच्या नावानं" म्हणून सोडलं, आणि आईच्या वाटचा श्वास स्वतःच घ्यायला बसली. आईला कशाला त्रास? आणि आईला सांगायचं तरी कसं? बोललं की फळ जातं.

कळी ढिम्म.

हौसाला वाटलं, आपलंच कमी पडतंय. शनिवार धरले तेव्हाही तिला असंच वाटलं होतं. ती आणखी लवकर उठू लागली. कानांत शिट्ट्या वाजेपर्यंत श्वास कोंडू लागली, खांदे करकरेपर्यंत ताणू लागली. उंबरा केव्हाच मागं पडला होता, पण देवाच्या कामात दुखायचंच, असं तिला लहानपणापासून माहीत. आणि रिकाम्या हातांनी पडायची ती अट? हौसा पडायची उताणी, पण पोटावर फुलं घेऊन, आणि पडल्या पडल्या वेणी गुंफायची. तेवढंच एक काम उरकतं!

कळी ओच्यात तशीच मिटलेली राहिली. इकडं वाफे विरळ होऊ लागले, शेवंतीचा बहर ओसरू लागला. आणि एका सकाळी श्वास कोंडता कोंडता हौसाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, टोपली कलंडली, आणि ती फुलांतच आडवी झाली.

"हौसे? ए हौसे!" खोपटातून आईनं हाक मारली. उत्तर नाही. गोदाबाईनं दारातून पाहिलं, तर सांडलेल्या पिवळ्या फुलांत लेकीचा परकर दिसला.

कशी आली ती वाफ्यापर्यंत, ते तिचं तिला माहीत. भिंत धरून, कुंपण धरून, अनवाणी, ओठ चावत आली. मातीतच बसली आणि लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. हौसा शुद्धीवर येत होती, पण तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"आये, माझ्यानं व्हईना गं," ती रडत म्हणाली. "तुझा श्वास मी घेतीया रोज. पर पाकळी उघडंना. आन आता मामा येईल..."

"माझा श्वास? तू घेतीस?"

मग सगळं बाहेर पडलं. परी, कळी, अटी, ओंजळीतलं पाणी. गोदाबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

"आगं येडे," ती म्हणाली, "उपास एकानं दुसऱ्याचा धरावा. पर एकाचं जेवण दुसऱ्यानं जेवून कुणाचं प्वाट भरलंय का? लई पळलीस माझ्यापायी. आता गप पड. हळू. माझ्यासंगं घे."

तिनं आपला सुजलेला हात लेकीच्या पोटावर ठेवला. लेकीला शांत करायचं म्हणून स्वतः सावकाश श्वास घेतला आणि सोडताना गुणगुणली, "मंऽऽ..." अंगाई गुणगुणावी तशी. हौसाचा श्वास हळूहळू तिच्या श्वासाच्या मागून चालू लागला. पुन्हा एकदा. आणि पुन्हा. सोडत्या श्वासासरशी गोदाबाईची बोटं लेकीच्या पोटावर किंचित उलगडली. तिनं ताणली नाहीत, तिचं लक्षच नव्हतं तिकडं. मग दोघी त्या सांडलेल्या फुलांत उताण्या पडल्या. हात रिकामे. वर नितळ आभाळ, जवळच एक खराखुरा भुंगा फिरत होता, आणि कुणालाच काही करायचं नव्हतं.

ओच्यात काहीतरी उजळलं. हौसानं कळी बाहेर काढली. एक नाजूक, पांढरी, टोकाशी गुलाबी पाकळी अलगद मागं वळली होती.

तर बाळांनो, एवढ्यावर सगळं छान झालं असं मी सांगितलं, तर ती थाप होईल. काही सकाळी पाकळी उघडायची, काही सकाळी नाही. एका गारठ्याच्या दिवशी गोदाबाईनं बसायचं गोणपाट भिरकावलं आणि भिंतीकडं तोंड करून रडली. हौसानं गोणपाट आणलं आणि नुसती शेजारी बसली. एकदा जरा बरं वाटलं तर गोदाबाईनं पाण्याची घागरच उचलली. झालं, पुढचे दोन दिवस अंथरुणात.

"उंबरा वलांडलास न्हवं?" हौसा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"वलांडला बाई," गोदाबाई म्हणाली. "पुन्यांदा न्हाई."

पण परी म्हणाली होती तेच खरं, सगळ्यात अवघड गेली ती शेवटचीच अट. "बाईमाणसानं दिवसाढवळ्या आडवं व्हायचं?" गोदाबाई पुटपुटायची. "कुणी बघितलं तर काय म्हनंल?" मग हौसा दारात राखण करायची. होता होता गोदाबाईचे डोळे मिटू लागले. झोप, ती रुसून गेलेली झोप, बिचकत बिचकत परत आली. बोटं सुजायचीच, पण सुजेच्या आतून थोडी थोडी वळू लागली. तिनं केलेली पहिली वेणी अर्ध्यात सुटली. दुसरी वाकडी झाली, आणि हौसानं ती दिवसभर केसांत मिरवली.

शेवंतीचा शेवटचा तोडा झाला त्या संध्याकाळी मामाचा निरोप आला: उद्या सकाळी येतो. आणि त्याच संध्याकाळी, खिडकीतल्या पेल्यात, कळी पुरती उमलली. खोपट चांदण्यासारखं उजळलं, आणि पाकळ्यांच्या मधोमध परी येऊन बसली.

"चुकलं माझं," परी म्हणाली. "कुणी करायचं ते सांगायला हवं होतं. दुसऱ्याचा श्वास घेऊ बघणारी पोर मी कधी बघितली नव्हती. माग आता."

हौसानं सगळं ठरवून ठेवलं होतं. मामाचा पाय मुरगळू दे, असं एकदा मनात आलं होतं, पण ते तिला बरं वाटलं नाही. मग तिनं एक युक्ती काढली होती. सगळ्यांच्या आधी आपण उठायचं, चूल पेटवायची आणि आईला फुंकणी देऊन पुढं बसवायचं. मामाला काय कळतंय! त्यासाठी वेळेवर जाग येऊ दे, एवढंच मागायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून आली भली मोठी जांभई.

"मला... मला झोपायचंय," हौसा म्हणाली. म्हणून गेली, आणि तिचं तिलाच रडू फुटलं. "उजाडस्तोवर. प्वाटभर. कुणी उठवायचं न्हाई."

"दिलं!" परी म्हणाली.

"न्हाई, न्हाई!" हौसा घाबरली. "थांब की! उद्या मामा येणार. मी झोपले तर चूल कशी पेटंल?"

परीनं तिच्या मागं बघितलं. गोदाबाई अंथरुणावर उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"झोप तू," गोदाबाई म्हणाली. "पेटली तर पेटली. न्हाई पेटली तर दादाला मीच सांगंन, घिऊन जा म्हणून. पर हे वझं आता तुझं न्हाई."

परीचा इवलासा हात हौसाच्या पापण्यांवर टेकला. झेंडूच्या पाकळीएवढा हात, पण केवढा जड!

हौसा झोपली. अशी झोपली, अशी झोपली, की कोंबडा आरवला तेही तिला कळलं नाही. मग कधीतरी झोपेच्या तळाशी तिला काड्यापेटीचा आवाज आला. खर्र. विझली. पुन्हा खर्र. काडी खाली पडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग हळूच, "मंऽऽ..." आणि पुन्हा खर्र.

धुराचा वास आला. लाकूड तडतडलं. मग भाकरी थापल्याचा आवाज, संथ, मध्येच थांबणारा. उठायला हवं, असं हौसाच्या हातापायांना सवयीनं वाटलं, पण ते काही उठले नाहीत.

"हौसा कुठाय?" दारातून मामाचा आवाज आला.

"हळू बोल, दादा. झोपलीया."

मामाचं पागोटं सोडल्याचा आवाज आला, आणि नाक ओढल्याचाही.

"बोटं तर अजून सुजल्यालीच हायेत तुझी," तो म्हणाला.

"हायेत की. ऱ्हाणारच. चहा घे. साखर सांडली जरा, ग्वाड झाला आसंल."

"मग मी आता काय करू?" मामा पुटपुटला. "पिशवी आणलीया तिच्या कपड्यांसाठी."

"त्या पिशवीत कोपऱ्यातली शेवंती भर, बाजारात न्ह्यायचीया. आन तेवढी लाकडं फोडून जा. ते माझ्यानं व्हत न्हाई."

हौसानं एकच डोळा किलकिला केला. पत्र्याच्या फटीतून सोनेरी उन्हाची तिरीप आत आली होती आणि थेट खिडकीतल्या फुलावर पडली होती. परी त्या उजेडात उभी होती. एक पंख निळाजांभळा, दुसरा अजूनही मुडपलेला. तिनं हौसाकडं बघून ओठांवर बोट ठेवलं, सावकाश श्वास घेतला, आणि सोडताना तिचा झगा उजळला, दवाचे मणी उजळले, मुडपलेला पंखही उजळला. मग तिथं नुसतं ऊनच उरलं.

बाहेर मामाची कुऱ्हाड चालू झाली. चुलीपाशी आई गुणगुणत होती. हौसानं उठू का नको याचा विचार केला, कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

ही कहाणीही तिच्या उशाशीच बसली आहे. तुम्ही जाल तेव्हा दार हळू लोटा.